गाण्याला आधी गाव विचार

प्रश्न थोडक्यात असा: "काका, वय २४, अंबडला एका कंपनीत नोकरी. क्लॅप्टन आणि लेड झेपलिन या ब्रिटिश रॉकवाल्यांपासून सुरुवात झाली. आता ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांचं गाणं, जुनं रॉक आणि ज्याला रूट्स म्हणतात ते मुळांकडचं लोकसंगीत, सगळंच आवडायला लागलंय. पण अ‍ॅपवर तीच वीस-पंचवीस नावं फिरून फिरून येतात. नाशिकमध्ये हे ऐकणारं ओळखीचं कुणी नाही. नवीन शोधायचं कसं, आणि किती मागे जायचं?"

तुझी तक्रार वाचून जरा हसूच आलं. आमचं दुखणं नेमकं उलटं होतं. नावं माहीत असायची, गाणं काही केल्या मिळायचं नाही. १९८८ ते २००४ मी रविवार कारंजाजवळ कॅसेट भरून द्यायचं दुकान चालवलं. गिऱ्हाईक चिठ्ठीवर गाणी लिहून आणायचं, आम्ही कोऱ्या कॅसेटवर ती उतरवून द्यायचो. कायद्यात हे तेव्हाही बसत नव्हतं, पण गल्लोगल्ली चालायचं. धंदा सगळा हिंदी गाण्यांचा, भीमगीतांचा आणि लग्नसराईत बँडवाल्यांना लागणाऱ्या चालींचा. इंग्रजीचा कप्पा एकच होता आणि तो माझ्या हौसेचा. त्याच्यासाठी महिन्यातून एकदा सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठायचो, काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या गाण्यांच्या दुकानात दुपार काढायचो आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत. खिशात पैसे दोन कॅसेटचे. त्यामुळे घ्यायचो दोन आणि कव्हरं वाचायचो चाळीस. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. मला जे काही कळतं त्यातलं निम्मं मी तिथे उभ्या उभ्या, न घेतलेल्या कॅसेटांच्या आतल्या बारीक अक्षरांवरून शिकलो.

तुझी अडचण त्या बारीक अक्षरांशीच आहे. अ‍ॅप तुला सारखेपणावर चालवतं. तू जे ऐकलंस ते ऐकणाऱ्या इतरांनी आणखी काय ऐकलं, कुठल्या गाण्याची लय त्याच्याशी जुळते, एवढा त्याचा हिशेब. क्लॅप्टन ऐकणारे लाखो लोक ब्लूजचा गाजलेला गिटारवाला बी. बी. किंग ऐकतात, म्हणून तुझ्याही ताटात बी. बी. किंग. त्यात वाईट काही नाही. पण ज्याला जगभरात मिळून पाचशे माणसं ऐकतात तो त्या हिशेबात वर येणार कसा? अ‍ॅप सारखेपणा शोधतं, तू नातं शोध. गाण्यांचं नातं बऱ्याचदा अजिबात सारख्या न वाटणाऱ्या दोन माणसांत असतं.

पंचवटीत किंवा त्र्यंबकला यात्रेकरू उतरला की तीर्थोपाध्याय आधी काय विचारतात? आडनाव काय, मूळ गाव कोणतं? मग फडताळातून लांबट वही निघते, आणि तुझ्या पणजोबांनी कोणत्या साली, कुणाला बरोबर घेऊन रामकुंडावर पाय ठेवला ते त्यांच्या सहीसकट समोर येतं. त्याच पानावर तुला कधी न भेटलेले चुलत-चुलते सापडतात. गाण्यालाही हेच विचारायचं. कुणी लिहिलं, मागे कोण वाजवतंय, कुठल्या गावात ध्वनिमुद्रण झालं, कोणत्या साली, पैसे कुणी घातले. या पाचातल्या एकाचं जरी उत्तर मिळालं तरी पुढचा दरवाजा उघडतो.

एक माग तुझ्याबरोबर काढून दाखवतो, म्हणजे नुसता उपदेश राहणार नाही. द ब्लॅक कीज हे ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावचं दोघांचं रॉक बँड तू ऐकलं असशील. त्यांनी २००६ मध्ये एक छोटी तबकडी काढली, 'चुलाहोमा' नावाची, आणि तिच्यातली सगळी गाणी एकाच माणसाची होती: ज्युनिअर किम्ब्रो. चुलाहोमा हे नाव मिसिसिपीतल्या गावाचं. तिथे किम्ब्रोचा गुत्ता होता, रविवारी रात्री लोक नाचायला जमायचे. या माणसाचा पहिला खरा अल्बम आला १९९२ मध्ये, वयाच्या बासष्टीच्या आसपास, आणि १९९८ मध्ये तो गेलासुद्धा. अल्बम काढणारी कंपनी फॅट पॉसम, तीही मिसिसिपीचीच. त्याच कंपनीच्या यादीत शेजारचं नाव आर. एल. बर्नसाइड. बर्नसाइड शिकला फ्रेड मॅकडॉवेलकडे बघून. हा मॅकडॉवेल कोमो गावचा शेतकरी. १९५९ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स हा लोकसंगीत गोळा करत हिंडणारा माणूस टेप घेऊन तिथे पोचला, तोवर मॅकडॉवेलचं गाणं एकदाही मुद्रित झालेलं नव्हतं. बारा वर्षांनी आलेल्या, लंडनच्या रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या 'स्टिकी फिंगर्स' अल्बममध्ये मॅकडॉवेलकडून उचललेलं गाणं आहे. म्हणजे ओहायोच्या दोन पोरांपासून निघालास, मिसिसिपीच्या एका कोपऱ्यात शिरलास आणि दुसऱ्या बाजूने लंडनला बाहेर पडलास. आणि ही वंशावळ अजून संपलेली नाही. बर्नसाइडचा नातू सेड्रिक तेराव्या वर्षी आजोबांच्या मागे ड्रम वाजवायला बसला, आता स्वतः गिटार घेऊन गातो. त्याच्या 'आय बी ट्राइंग'ला २०२२ मध्ये ग्रॅमी मिळालं. तुला 'नवीन' हवं होतं ना? हे नवीनच आहे, फक्त दाराच्या मागच्या बाजूने आलेलं.

या उत्तर मिसिसिपीच्या डोंगराळ भागापाशी मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या कानाला तो पहिल्या दिवशी आपला वाटतो. नेहमीचा ब्लूज बारा बारचा असतो: चार-चार मात्रांचे बारा खण, ४८ मात्रांचं एक आवर्तन. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरी ओळ निकाल लावते. प्रत्येक ओळ साधारण दोन खणांत आटोपते आणि उरलेल्या दोन खणांत गिटार किंवा माउथ ऑर्गन जवाब देतो. हा साचा एकदा कानात बसला की त्याच्या पुढची वळणं आधीच कळायला लागतात, आणि शंभर गाणी एकसारखी वाटू लागतात. तुला आलेला कंटाळा थोडा तिथूनही आला असेल. डोंगरातला ब्लूज हा साचा पाळत नाही. किम्ब्रो एकाच सुरावर ठाण मांडतो, खाली खर्ज सतत घुमत राहतो, वर तीच छोटी तान फिरत राहते, सात-सात मिनिटं. अमेरिकन समीक्षक त्याला संमोहन वगैरे म्हणतात. तानपुऱ्यावर वाढलेल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही, तो सरळ आत जाऊन बसतो. शाळेतल्या गाण्याच्या बाईंना मी एकदा हे ऐकवलं होतं. डोळे मिटून म्हणाल्या, "षड्ज सोडत नाही हो हा."

त्याच भागात ओथा टर्नर होता. वेळूच्या नळीला तापल्या सळईने भोकं पाडून बासरी करायचा, मागे दोन-तीन ढोल, आणि शेतातल्या जेवणावळीला बोकड शिजत असताना हे सगळं वाजायचं. त्याचा अल्बम आला १९९८ मध्ये, तेव्हा तो नव्वदीचा होता. आता त्याची नात शार्डे थॉमस ते बँड चालवते. मिरवणुकीत नाशिक ढोल ज्याने जवळून ऐकलाय त्याने हे हेडफोनवर ऐकू नये, मोठ्या स्पीकरवर लावावं.

ब्लूजमध्येही घराणी आहेत, हा शब्द मी उगाच वापरत नाही. मिसिसिपीतल्याच बेंटोनिया या छोट्या गावाचं बघ. गिटारच्या तारा मायनर सुरावळीत लावायच्या, आवाज उंच आणि थोडा भुतासारखा, लय सैल. हेन्री स्टकीने हे वळण पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये भेटलेल्या बहामाच्या सैनिकांकडून उचललं, असं सांगतात. त्याच्याकडून ते स्किप जेम्सकडे गेलं. स्किप जेम्सने १९३१ मध्ये आपली गाणी मुद्रित केली, मग तीस वर्षं कुणी त्याचं नाव काढलं नाही. पण गावात ते चालूच राहिलं. जिमी 'डक' होम्सही लहानपणी स्टकीचंच बघून शिकला. त्याच्या आईवडिलांनी १९४८ मध्ये उघडलेलं ब्लू फ्रंट कॅफे तो पुढे चालवत आला. त्याचा 'सायप्रस ग्रोव्ह' २०१९ चा, आणि तो काढला ब्लॅक कीजच्याच डॅन ऑरबाकने. बघ, पुन्हा त्याच पानावर आलो. एक निर्माता आवडला की त्याने आणखी कुणाकुणाला उभं केलं ते बघायचं. ऑरबाकच्याच मागावर रॉबर्ट फिनली सापडतो: लुइझियानाचा सुतार, साठी उलटल्यावर प्रकाशात आलेला. रस्त्यावर गाताना तो म्युझिक मेकर नावाच्या संस्थेच्या नजरेला पडला. ही संस्था १९९४ पासून म्हाताऱ्या, गरीब कलाकारांचा औषधपाण्याचा खर्च आणि गाण्याचे कार्यक्रम दोन्ही बघते. तिची यादी हाच एक खजिना आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न, किती मागे जायचं. हवं तितकं, पण सुरुवातीलाच तळाशी उडी मारू नकोस. रॉबर्ट जॉन्सनपासून सुरू करावं असं जो तो सांगतो. १९३६ मध्ये सॅन अँटोनिओ आणि १९३७ मध्ये डॅलस, मिळून २९ गाणी, २७व्या वर्षी मृत्यू, आणि ती चौकात सैतानाला आत्मा विकल्याची कथा. त्या कथेचा मला मनापासून कंटाळा आहे. मेहनत करून वाजवणाऱ्या माणसाचं श्रेय सैतानाला कशाला द्यायचं? मी नवख्याला मिसिसिपी जॉन हर्ट देतो. आवाज मऊ, गाणं शेजारच्या ओट्यावर बसून गप्पा मारल्यासारखं, आणि अंगठा खर्जाच्या तारांवर असा चालतो की दुसरा माणूस साथीला बसलाय असं वाटावं. त्याने १९२८ मध्ये थोडी गाणी मुद्रित केली, ती फारशी खपली नाहीत, तो गावी परत जाऊन शेतमजुरी करू लागला. पस्तीस वर्षांनी टॉम हॉस्किन्स नावाच्या हौशी माणसाने त्याचं एक गाणं लक्षपूर्वक ऐकलं. त्यात तो म्हणतो की अ‍ॅव्हलॉन माझं गाव. हॉस्किन्सने एका जुन्या नकाशात अ‍ॅव्हलॉन शोधलं, तिथे गेला, विचारलं. सत्तरीतले हर्ट तिथेच होते. त्याच वर्षी, १९६३ मध्ये, ते न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारोंसमोर गायले. आयुष्याची शेवटची तीन वर्षं त्यांना श्रोते मिळाले, आणि ते एका ओळीतल्या गावाच्या नावामुळे.

जुन्या तबकड्यांची खरखर सुरुवातीला त्रास देईल. बालगंधर्वांच्या रेकॉर्डी ऐकताना घरातली म्हातारी माणसं जे करतात तेच करायचं, तिसऱ्या वेळेपर्यंत थांबायचं. कान आपोआप खरखर बाजूला सारतो. त्या खरखरीत आपलाही वाटा आहे, हे कुणी सांगत नाही. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या त्या जुन्या तबकड्या लाखेच्या असायच्या आणि ती लाख मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातून जायची. १९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकेत लाखेवर नियंत्रण आलं, तेव्हा तबकड्यांचं उत्पादन धाडकन खाली आलं. स्किप जेम्स ज्या पॅरामाउंट कंपनीसाठी गायला तिचे मालक मुळात विस्कॉन्सिनचे खुर्च्या बनवणारे. ग्रामोफोनची लाकडी पेटी बनवू लागले, मग पेटी खपावी म्हणून गाणी काढू लागले. संगीताची आच कमी, लाकूड खपवायची जास्त. माल हलका, त्यामुळे तबकड्या खरखरतात. आणि त्या लाकूडवाल्यांमुळेच चार्ली पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स आज ऐकायला मिळतात.

मागे जाणं झालं की आडवं जायचं. इथे तर आपल्याला अमेरिकन माणसापेक्षा जास्त रस्ते मोकळे आहेत. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचं संगीत सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर पाठवलं गेलं. त्यात टेक्सासचा आंधळा ब्लाइंड विली जॉन्सन आहे आणि केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. ही दोन गाणी पाठोपाठ लाव. विली जॉन्सनने त्यात शब्द जवळजवळ टाकूनच दिलेत, नुसता हुंकार आणि तारेवरून घसरणारी पट्टी. ब्लूजमधला तो प्रसिद्ध स्वर, कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध लटकणारा, पेटीवर सापडत नाही. तार ओढून किंवा घसरवूनच तिथे पोचता येतं. मींड ऐकलेल्या कानाला वेगळं समजावून सांगायला लागत नाही. याच वाटेवर विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचा १९९३ चा 'अ मीटिंग बाय द रिव्हर' लागतो. कूडर हा अमेरिकन गिटारवाला, त्याचं नाव दिसलं म्हणून पुढे गेलास की आफ्रिकेतल्या मालीचा गिटारवाला अली फार्का तुरे, तिथून सहाराच्या वाळवंटातलं तिनारिवेन हे बँड. आणि घरातल्या एखाद्या काकांना विचार. ऑर्केस्ट्राच्या जमान्यात नाशिकमध्ये हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी वाजवणारे बरेच जण होते. मांडीवर आडवी गिटार, हातात लोखंडी पट्टी. माझ्या दुकानात असे दोघे नेमाने यायचे. त्यातल्या एकाला मी विली जॉन्सन भरून दिला होता. त्याने कॅसेटचे पैसे दिले नाहीत, पण महिनाभराने येऊन ते गाणं तसंच्या तसं वाजवून दाखवलं. मी हिशेब चुकता धरला.

ताजं काही हवं असेल तर कंपन्यांच्या नावांवर लक्ष ठेव. मोठ्या नव्हेत, छोट्या. शिकागोची अ‍ॅलिगेटर ब्रूस इग्लॉअरने १९७१ मध्ये काढली, हाउंड डॉग टेलरचं गाणं कुणी मुद्रित करेना म्हणून. नंतर त्याच कंपनीने मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलचा क्रिस्टोन 'किंगफिश' इंग्राम पुढे आणला, १९९९ चा जन्म. तुझ्याच वयाचा आहे जवळजवळ. आरहूली ही कंपनी ख्रिस स्ट्राखविट्झने काढली. तो १९६० मध्ये टेक्सासच्या नाव्हासोटा गावात, इथे चांगलं गिटार कोण वाजवतं असं लोकांना विचारत हिंडला आणि त्याला मॅन्स लिप्सकम सापडला. मोझेस अ‍ॅशने १९४८ मध्ये फोकवेज काढली. तो गेल्यावर स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेने ती घेतली, तेव्हा अट होती की २,१६८ अल्बमांपैकी एकही यादीतून काढायचा नाही. बेडकांच्या आवाजाचा अल्बम आहे, तोही मिळतो. फोकवेजच्या अल्बमांबरोबरच्या माहितीपुस्तिका फुकट उतरवून घेता येतात. माझ्या मते त्या काही वेळा गाण्यांपेक्षा सरस असतात. लोमॅक्सच्या टेपाही हजारोंनी मोकळ्या ठेवल्या आहेत, गाव आणि तारखेसकट.

रूट्सच्या बाजूने रिअ‍ॅनन गिडन्स ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. ती आणि तिचे दोन सोबती दर गुरुवारी उत्तर कॅरोलायनातल्या जो थॉम्पसन या म्हाताऱ्या फिडलवादकाच्या, म्हणजे लोकसंगीतातल्या व्हायोलिनवाल्याच्या, घरी शिकायला जायचे. त्यातून कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हे बँड उभं राहिलं. बँजो म्हटलं की गोऱ्या शेतकऱ्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. ते वाद्य मुळात गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन लोकांबरोबर आलेलं आहे. ही गोष्ट त्यांनी भाषण न देता, वाजवून सांगितली.

आपल्याकडचं मी शेवटी ठेवलं म्हणून ते कमी नव्हे. शिलाँगचं सोलमेट हे ब्लूज बँड, २००३ पासूनचं: टिप्रिती खारबांगरचा आवाज आणि रूडी वॉलांगची गिटार. मुंबईच्या वॉरन मेंडोन्साचं ब्लॅकस्ट्रॅटब्लूज, शब्दांशिवायचं. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ मध्ये महिंद्रा ब्लूज महोत्सवाचं पहिलं वर्ष होतं, शिकागोचे बुजुर्ग ब्लूजवाले बडी गाय आले होते, तेव्हा मी पन्नाशीला टेकलेलो असूनही चार तास उभा होतो. तिथे शिकलेली गोष्ट: मोठ्या नावाच्या आधी गाणाऱ्यांसाठी लवकर जा. त्या वेळेला मैदान रिकामं असतं, मंचाला टेकून ऐकता येतं आणि उतरल्यावर गाठून विचारताही येतं की तुम्ही कुणाचं ऐकता. कलाकाराला हा प्रश्न फार आवडतो. सुला वाइनयार्ड्सवरच्या सुलाफेस्टमध्ये मी हाच उद्योग केला. वाइन कोणती होती ते आठवत नाही, पण वहीत नावं आहेत.

वहीचं सांगायचं राहिलंच. दोनशे पानी, साधी. गाणं, साल, गाव, साथीला कोण, आणि हे कळलं कुणामुळे, एवढं लिही. प्लेलिस्ट हजाराची होते आणि त्यातलं काही आठवत नाही. वहीत आठवड्याला एक अल्बम नीट बसतो. एकच, पण सात दिवस. माझी एक फजिती ऐक. १९९२ च्या सुमारास मी एका डॉक्टरांना सनी बॉय विल्यमसनची नव्वद मिनिटांची कॅसेट भरून दिली, मोठ्या अभिमानाने. ते पुढच्या आठवड्यात परत आले, म्हणाले, अ बाजूचा माणूस आणि ब बाजूचा माणूस एक वाटत नाही. नव्हताच. त्या नावाचे दोन आहेत, दोघेही माउथ ऑर्गनवाले. एक जॉन ली, १९४८ मध्ये गेला. दुसरा राइस मिलर, त्याने पहिल्याचं चलती असलेलं नाव सरळ उचललं, तो १९६५ मध्ये गेला. साल आणि गाव लिहिलं असतं तर माझी लाज वाचली असती. अ‍ॅपवर अजूनही कुठे कुठे दोघांची गाणी एकाच नावाखाली मिसळलेली सापडतील.

याच कसोटीवर आणखी एक गोष्ट पकडता येते. हल्ली दोन-दोन तासांचे 'स्लो ब्लूज' व्हिडिओ येतात. काचेवर पाऊस, टेबलावर ग्लास, खाली गुळगुळीत गिटार. वाजवणाऱ्याचं नाव नाही, साल नाही, गाव नाही. त्यातले बरेच यंत्राकडून करून घेतलेले असतात. अभ्यास करताना मागे लावायला हरकत नाही म्हणशील तर लाव, पण त्यातून पुढे कुठेच जाता येत नाही. मागे माणूसच नाही, तर वहीत लिहिणार काय?

ऐकायला वेळ नाही असं म्हणू नकोस. न्यू ऑर्लीन्सचं डब्ल्यूडब्ल्यूओझेड हे लोकवर्गणीवर चालणारं रेडिओ केंद्र नेटवर लागतं. तिथली घड्याळं आपल्या मागे, हिवाळ्यात साडेअकरा तास आणि उन्हाळ्यात साडेदहा. म्हणजे तिकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तू सकाळी अंबडची बस पकडायला निघालेला असतोस. ते निवेदक गाणं संपल्यावर वाजवणाऱ्यांची नावं सांगतात. रेडिओ मला अ‍ॅपपेक्षा बरा वाटतो तो यासाठी: समोर आवड असलेला माणूस बसलेला असतो, आणि त्याची आवड तुझ्याशी जुळत नसली तरी तो तुला त्याचंच ऐकवतो.

आणि रूट्स म्हणतोस, तर मिसिसिपीइतकंच सिन्नरकडेही बघ. वामनदादा कर्डक १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले, २००४ मध्ये इथेच नाशकात गेले. हजारो गाणी लिहिली, वस्तीवस्तीत उभं राहून गायली. माझ्या दुकानात त्यांच्या कॅसेटा १४ एप्रिलच्या आधी पंधरा दिवस रात्रंदिवस भरल्या जायच्या, डेकची हेडं तापायची. पलीकडच्या शेल्फात मिसिसिपीचा ब्लूजवाला मडी वॉटर्स होता. दोन शेल्फांत दोन हात अंतर, आणि हे दोघे एकमेकांना किती जवळचे आहेत हे माझ्या डोक्यात यायला दहा वर्षं लागली. उगाच तुलना करून दोघांना एका पोत्यात घालू नये, जात आणि वर्ण यांची दुखणी वेगळी आहेत. पण कष्टकरी माणसाने आपलं नाव-गाव घालून गायलेलं गाणं कसं ओळखायचं, हे मी आधी वामनदादांकडून शिकलो. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, प्रत्येकीबरोबर बाईचं नाव आणि गाव. लोमॅक्सचं काम ज्याला मोठं वाटतं त्याने हेही उघडून बघावं. वणीच्या गडावरचा संबळ, पेठ-सुरगाण्याकडची पावरी, बागलाणातली अहिराणी गाणी, हे सगळं आपल्या एसटीच्या टप्प्यात आहे.

सोबत नाही म्हणतोस, ते मात्र फारसं खरं नाही. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही सहा-सात जण माझ्या घरी बसतो. एक निवृत्त बँकवाला, दोन कॉलेजच्या मुली, एक ढोलपथकातला पोरगा, आणि ते कॅसेट परत आणणारे डॉक्टर अजूनही येतात. प्रत्येकाने एक गाणं आणायचं आणि ते कुठून आलं ते आधी सांगायचं, मगच लावायचं. नियम एवढाच. मिसळ सकाळीच संपते, त्यामुळे संध्याकाळी फक्त चहा मिळेल. अ‍ॅम्प्लिफायरची डावी बाजू मधूनमधून जाते, ती ठोकून परत आणावी लागते. तुझ्या कंपनीत सोल्डरिंग येणारं कुणी असेल तर त्यालाही घेऊन ये.